लहान भावकवितेचे यमक, वृत्त आणि भाववृत्ती कशी तपासावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्लेषणाची सुरुवात कुठून करावी? अर्थापासून की मात्रांपासून?

दोन्हींपासून नाही, मोठ्याने वाचण्यापासून. कविता सलग तीनदा मोठ्याने वाचा. पहिल्यांदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा जिथे आवाज आपोआप थांबतो तिथे उभी रेघ मारा. तिसऱ्यांदा बोटाने ताल धरा आणि ताल जिथे चुकतो तिथे खूण करा. मग मनात उमटलेला भाव एका ओळीत लिहून बाजूला ठेवा. यमक आणि वृत्त तपासून झाले की ही ओळ पुन्हा वाचायची आणि गरज पडल्यास बदलायची. मात्रांच्या, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळेच्या, आकड्यांपासून सुरुवात केली तर हिशेब बरोबर येतो, पण तो कशासाठी मांडला ते हरवते. नुसत्या अर्थापासून सुरुवात केली तर कवितेचे गद्य होते.

पुढच्या उत्तरांत एकच कविता वापरली आहे. ती उदाहरणासाठीच रचली आहे:

दार उघडले, कुणीच नव्हते;
ओला वारा घरात शिरला.
भिंतीवरची जुनी सावली
क्षणभर हलली, उजेड विरला.

पायऱ्यांवरी पाऊलखुणा
पाऊस किती धुवून गेला;
कडी लावता लावता पुन्हा
हात थांबला.

लघु-गुरू कसे ठरवायचे?

अ, इ, उ, ऋ हे ह्रस्व स्वर असलेले अक्षर लघु, त्याची १ मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू, त्याच्या २ मात्रा. ह्रस्व अक्षरावर उच्चारला जाणारा अनुस्वार असेल (संथ, अंगण), त्याच्यापुढे विसर्ग असेल (दुःख) किंवा आघात देणारे जोडाक्षर असेल (शब्द, रस्ता), तर तेही गुरू. पाय मोडलेले अक्षर स्वतंत्र मोजत नाहीत, ते आधीच्या अक्षराला गुरू करते. म्हणून ‘अन्’ हे एकच अक्षर आणि त्याच्या २ मात्रा. इथे लघूसाठी ‘ल’ आणि गुरूसाठी ‘गा’ लिहिले आहे. पुस्तकांत लघूला अर्धचंद्रासारखी आणि गुरूला आडव्या रेघेची खूण असते.

एका गोष्टीत नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. बोलताना ‘हात’मधला शेवटचा अ आपण गिळतो, पण पद्यात तो मोजायचा. ‘हात’ म्हणजे गा ल, ३ मात्रा. ‘घरात’ म्हणजे ल गा ल, ४ मात्रा.

जोडाक्षराआधीचे प्रत्येक अक्षर गुरूच का धरायचे नाही?

कारण नियम आघाताचा आहे, लिपीचा नाही. मराठीतली बरीच जोडाक्षरे आधीच्या अक्षराला धक्का देत नाहीत. न्ह, म्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह ही त्यांतली ठळक. ‘पुन्हा’, ‘तुम्ही’, ‘तऱ्हा’, ‘उन्हाळा’ यांतले पहिले अक्षर लघुच राहते. विभक्तीमुळे किंवा अनेकवचनामुळे आलेला ‘या’ही बहुधा असाच हलका असतो: ‘तुझ्या’, ‘सगळ्या’, ‘पायऱ्या’. ‘दिव्य’ आणि ‘दिव्याचा उजेड’ हे दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात ‘दि’वर जोर येतो, म्हणून तो गुरू. दुसऱ्यात येत नाही, म्हणून लघु. लिहिताना दोन्हीकडे तेच ‘व्य’ आहे.

आपल्या कवितेत ‘नव्हते’चा ‘न’ लघु आहे, ‘पायऱ्यांवरी’तला ‘य’ लघु आहे आणि ‘पुन्हा’चा ‘पु’ही. हे तिन्ही गुरू धरले तर तीन ओळींत प्रत्येकी १ मात्रा जास्त भरते आणि कवितेत दोष असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. हिशेब एका मात्रेने चुकला की कवीला दोष देण्याआधी ओळीतली जोडाक्षरे पुन्हा तपासा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

ह्रस्व-दीर्घ छापल्याप्रमाणे मोजायचे की उच्चाराप्रमाणे?

उच्चाराप्रमाणे, पण छापलेले रूप आधी नीट पाहून. वृत्तासाठी कवी ‘आणि’चे ‘आणी’ करतात, ‘फूल’चे ‘फुल’ करतात. ही सवलत पद्याला पूर्वापार आहे. ‘परी’, ‘वरी’ ही जुनी रूपेही कित्येकदा मात्रेसाठीच येतात. ‘पायऱ्यांवर’ लिहिले तर अर्धी ओळ ७ मात्रांची होते, म्हणून उदाहरणात ‘पायऱ्यांवरी’ आहे. पुनर्मुद्रणात एखाद्याने शुद्धलेखन ‘सुधारले’ की ओळ लंगडते, तेव्हा शक्य असेल तर जुनी आवृत्ती पाहा. १९६२च्या लेखननियमांआधीच्या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वारही असतात. ‘हंसणे’ असे छापलेले असले तरी ‘हं’ तिथे लघुच धरायचा.

कविता अक्षरगणवृत्तात आहे, मात्रावृत्तात आहे की छंदात, हे कसे ओळखायचे?

प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: अक्षरसंख्या, मात्रासंख्या आणि लघु-गुरूंचा क्रम.

तिन्ही गोष्टी प्रत्येक ओळीत सारख्या आल्या तर अक्षरगणवृत्त. ‘पुन्हा सांज झाली पुन्हा मेघ आले’ ही ओळ घ्या: ल गा गा, ल गा गा, ल गा गा, ल गा गा. १२ अक्षरे, चार वेळा य गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), म्हणजे भुजंगप्रयात.

मात्रा सारख्या पण अक्षरे कमीजास्त असतील तर मात्रावृत्त, ज्याला जाती असेही म्हणतात.

अक्षरे सारखी पण लघु-गुरूंचा क्रम आणि मात्रा बदलत्या असतील तर अक्षरछंद. अभंग-ओवीचे घराणे इथले. मोठ्या अभंगाचे चार खंड ६, ६, ६, ४ अक्षरांचे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खंडांत यमक जुळते: ‘मनाच्या तळाशी, शब्द साठलेले, ओठांवर आले, तुझ्यासाठी’. छंदात प्रत्येक अक्षर म्हणताना जवळपास सारखेच लांबवतात, म्हणून तिथे मात्रा मोजत बसण्यात अर्थ नाही.

आपल्या उदाहरणात पहिल्या सात ओळींत प्रत्येकी १६ मात्रा आहेत, पण अक्षरे अनुक्रमे १२, १०, १०, १३, १०, १०, १०. म्हणजे हे मात्रावृत्त. ओळ ८ अधिक ८ अशी तुटते, ही पादाकुलकाची ठेवण.

गण पाडताना घोळ होतो. सोपी रीत कोणती?

‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र. हवा त्या गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्या आणि त्यांचे लघु-गुरू पाहा. ‘यमाता’ म्हणजे य गण, ल गा गा. ‘ताराज’ म्हणजे त गण, गा गा ल. ‘जभान’ म्हणजे ज गण, ल गा ल. ‘सलगा’ म्हणजे स गण, ल ल गा. ओळीच्या सुरुवातीपासून तीन-तीन अक्षरे तोडत जायचे. शेवटी एकदोन उरली तर ती सुटी ल किंवा ग (म्हणजे गुरू) म्हणून लिहायची. त भ ज ज ग ग आले तर १४ अक्षरांची वसंततिलका, न न म य य आले तर १५ अक्षरांची मालिनी. चरणाचे शेवटचे अक्षर लघु असूनही त्या जागी गुरू हवा असेल तर ते गुरू मानण्याची मुभा आहे. ओळीच्या मधल्या अक्षराला ही मुभा नाही.

मात्रा बरोबर भरतात, तरी ओळ वाचताना अडखळते. असे का?

मात्रांची बेरीज बरोबर असली तरी त्यांचे वाटप चुकलेले असू शकते. पादाकुलकात दर ८ मात्रांनी ठोका पडतो. तो शब्दाच्या सुरुवातीला पडला तर ओळ वाहते. ‘ओला वारा घरात शिरला’ या ओळीत ठोके ‘ओ’वर आणि ‘घ’वर पडतात. आता ‘वारा मग आत हळू शिरला’ म्हणून पाहा. मात्रा १६च आहेत, पण पहिल्या ८ मात्रा ‘आ’पाशी संपतात आणि दुसरा ठोका ‘आत’मधल्या ‘त’वर येतो. शब्द मधून चिरला जातो आणि जीभ अडते. अक्षरगणवृत्तात यतीच्या, म्हणजे ठरलेल्या विरामाच्या, जागी शब्द तुटला की हाच त्रास होतो, त्याला यतिभंग म्हणतात. मंदाक्रांतेच्या १७ अक्षरांत यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर येतो, शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांत बाराव्यानंतर. तिथे शब्द संपतो की नाही हे पाहायलाच हवे.

दुसरे कारण म्हणजे खरोखरच मात्रा कमी पडणे. ‘ओला वारा आत शिरला’मध्ये उत्तरार्ध ७ मात्रांचा आहे. वाचणारा नकळत ‘शि’ ताणून ‘शी’ म्हणतो आणि भर घालतो. कान असे दोष लपवून टाकतो, म्हणून ऐकल्यावर कागदावर मोजणेही आवश्यक आहे.

आवर्तन, म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचा मात्रांचा गट, नेहमी ८ मात्रांचेच असते असे नाही. ६ मात्रांची भृंगावर्तनी रचना मराठीत भरपूर आहे. ठोका ८वर बसत नसेल तर ६वर धरून पाहा.

एखादी ओळ मुद्दाम लहान आहे की चुकली आहे, हे कशावरून ठरवायचे?

तीन प्रश्न विचारा. ती ओळ आवर्तनाच्या सीमेवर थांबते का? ती कवितेत मोक्याच्या जागी आहे का? त्या जागी अर्थातही काही घडते का?

उदाहरणातली शेवटची ओळ ‘हात थांबला’ बरोबर ८ मात्रांची आहे, म्हणजे पूर्ण एक आवर्तन. ती कवितेच्या अखेरीला आहे आणि ती थांबण्याबद्दलच बोलते. उरलेल्या ८ मात्रा ताल धरणाऱ्याच्या बोटावर चालू राहतात, शब्द मात्र नसतात. दार लावले की नाही हे आपल्याला कळत नाही, आणि ते न कळणे वाचकाला त्या रिकाम्या आवर्तनात प्रत्यक्ष जाणवते. ही चूक नाही. हीच ओळ ७ मात्रांची असती किंवा असा तुटवडा दुसऱ्या कडव्याच्या मध्येच कुठे आला असता, तर संशय रास्त ठरला असता.

नमुना ठरल्याप्रमाणे चालतो तिथे फारसे सांगायचे नसते. तो मोडतो तिथे बहुधा भावाचे वळण असते, म्हणून टिपणाचा मोठा भाग अशा जागांवर खर्च करावा.

यमकांची नोंद कशी करायची?

प्रत्येक ओळीचा शेवट उजवीकडे लिहा आणि जुळणाऱ्या शेवटांना एकच अक्षर द्या. आपल्या कवितेत पहिले कडवे अ ब क ब, दुसरे ड ई ड ई. इथवर काम यांत्रिक आहे. त्यानंतर प्रत्येक जोडी किती घट्ट आहे हे पाहायचे, आणि तेच बहुतेक टिपणांत सुटते.

मराठीत यमक कानाला पुरते पटण्यासाठी शेवटचे अक्षर आणि त्याआधीचा स्वर, दोन्ही जुळावे लागतात. ‘शिरला’ आणि ‘विरला’ यांत ‘श’ आणि ‘व’ सोडून सगळे सारखे आहे, म्हणून ही जोडी घट्ट. ‘गेला’ आणि ‘थांबला’ यांत फक्त ‘ला’ जुळतो, आधीचे स्वर ए आणि अ असे वेगळे. ही सैल जोडी. ‘पाऊलखुणा’ आणि ‘पुन्हा’ यांत उ-आ हा स्वरक्रम जुळतो, व्यंजने (ण आणि न्ह) फक्त जवळची आहेत. याला स्वरसाम्य म्हणावे, पूर्ण यमक नव्हे.

मराठीत ‘ला’, ‘ले’, ‘णे’, ‘तो’ अशा प्रत्ययांवर यमक जुळवणे फार सोपे आहे, कारण क्रियापद ओळीच्या शेवटी येते. म्हणून नुसत्या प्रत्ययावर उभे असलेले यमक दुबळे समजतात. पण दुबळे यमक म्हणजे दोषच, असा निकाल लगेच देऊ नका. इथे पहिल्या कडव्यातला घट्ट जोड दुसऱ्यात सुटत जातो. ‘ला’चा ध्वनी तोच राहतो, पण मागचा आधार जातो. कवितेतली खात्री ढासळते आहे, तिला हे सैलपण शोभते. संपूर्ण कविताच सैल यमकांची असती तर हा युक्तिवाद करता आला नसता.

ओळीच्या शेवटी नसलेले यमक धरायचे का?

जरूर. ‘क्षणभर हलली’ आणि त्याआधीचे ‘सावली’ यांत ‘ली’ पुन्हा येतो, तोही आवर्तनाच्या शेवटी. ओळीचा शेवट पुढच्या ओळीच्या आरंभी उचललेला असेल तर ते दामयमक. यमक नसले तरी अनुप्रास पाहा: ‘पायऱ्यांवरी पाऊलखुणा पाऊस’ या सलग तीन आवर्तनांची सुरुवात ‘पा’ने होते, आणि तिन्ही वेळा ठोका त्याच ‘पा’वर पडतो. पावलांचा ध्वनी पावसाच्या ध्वनीत मिसळतो, पावले धुवून जाण्याची गोष्ट कानालाही कळते. ठोक्यावर न पडणारा अनुप्रास इतका ऐकू येत नाही, म्हणून अनुप्रास नोंदवताना तो ठोक्यावर आहे का ते लिहा.

गझलेचा एखादा शेर असेल तर?

आधी रदीफ शोधा, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द किंवा शब्दसमूह. त्याच्या आधीचे यमक म्हणजे काफिया आणि काफियातला न बदलणारा स्वर म्हणजे अलामत. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ असतात. पुढच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत येतात. वृत्त मात्र प्रत्येक ओळीत तेच हवे. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे सगळ्या गझलेला एकच भाववृत्ती चिकटवू नका.

मुक्तछंदात तपासायला काय उरते?

बरेच काही. ओळ कुठे तोडली आहे, वाक्य आणि ओळ एकत्र संपतात की वाक्य पुढच्या ओळीत ओघळते, कोणता शब्द पुन्हा येतो आणि किती अंतराने, लांब-आखूड ओळींची चढउतार कशी आहे. एक कसोटी उपयोगी पडते: कविता सलग गद्यासारखी लिहून काढा आणि मूळ मांडणीशी ताडून पाहा. काहीच हरवले नाही तर ओळींची मोडणी काम करत नव्हती. जे हरवले ते नेमके लिहा. मधूनच एखादी ओळ नकळत ८-८ मात्रांत पडते, तिथेही थांबा.

विषय, सूर आणि भाववृत्ती यांत फरक काय?

विषय म्हणजे कविता कशाबद्दल आहे: इथे कुणाची तरी वाट पाहणे. सूर म्हणजे बोलणाऱ्याचा त्या विषयाकडे पाहण्याचा पवित्रा: इथे संयमी, तक्रार न करणारा. ‘मी’ हा शब्द कवितेत एकदाही नाही, भावनेचे नावही नाही. भाववृत्ती म्हणजे या सगळ्यातून वाचकाभोवती तयार होणारे वातावरण: आशा सोडवत नाही, अशी रिकामी स्तब्धता. सूर संयमी असून भाववृत्ती व्याकूळ असू शकते, आणि या दोहोंतल्या अंतरावर कित्येक चांगल्या भावकविता उभ्या असतात.

भरताने सांगितलेले आठ रस आणि पुढे जोडलेला शांत ही चौकट पहिल्या दिशेसाठी ठीक आहे. ‘करुण’ किंवा ‘विप्रलंभ शृंगार’ (विरहातला शृंगार) लिहून थांबू नका. भाववृत्तीचे नाव दोन-तीन शब्दांचे असावे आणि त्यात हालचाल असावी: ‘आशेकडून स्तब्धतेकडे’. ‘दुःखी’ हे एकच विशेषण कोणत्याही हजार कवितांना लागू पडते.

ठरावीक वृत्त ठरावीक भावच आणते का?

नाही. मंदाक्रांता म्हणजे विरह हे समीकरण मेघदूतामुळे रुजले. तिच्या आरंभीचे चार गुरू चाल संथ करतात हे खरे, पण संथपणा गांभीर्याचाही असतो आणि तृप्तीचाही. भुजंगप्रयातात मनाचे श्लोक आहेत, म्हणून ते वृत्त उपदेशाचेच ठरत नाही. वृत्त गती आणि वजन देते, भाव शब्दांतून येतो. दोन्ही एका दिशेने चालतात की एकमेकांना ओढतात, हे लिहायचे असते.

वृत्ताच्या नावापेक्षा एका ओळीतली लघु-गुरूंची दाटी अधिक बोलकी असते. ‘ओला वारा’ या ८ मात्रा चार गुरूंनी भरल्या आहेत: चारच अक्षरे, जड आणि सावकाश. ‘क्षणभर हलली’ याही ८ मात्राच, पण सहा लघु आणि एक गुरू: सात अक्षरांची चपळ थरथर. सावली हलते त्याच ठिकाणी अक्षरे धावतात. दुसऱ्या कडव्यात प्रत्येक अर्ध्या ओळीत नेमकी पाच अक्षरे आहेत. पहिल्या कडव्यातली चंचलता इथे पूर्ण निवते, आणि त्या एकसारख्या चालीनंतरच हात थांबतो.

हे सगळे एका परिच्छेदात कसे मांडावे?

निरीक्षण, पुरावा, परिणाम या क्रमाने. नमुना असा:

‘कविता १६ मात्रांच्या पादाकुलकात आहे, फक्त अखेरची ओळ ८ मात्रांची आहे. सातव्या ओळीत “लावता” दोनदा येते: पहिल्यांदा आवर्तनाच्या शेवटी, दुसऱ्यांदा नव्या ठोक्यावर. तीच कृती पुन्हा सुरू होते, पुरी होत नाही. लगेच येणारी अर्धी ओळ कृती आणि लय दोन्ही अपुरी सोडते. पहिल्या कडव्यातले घट्ट यमक (शिरला, विरला) दुसऱ्यात नुसत्या प्रत्ययावर उतरते (गेला, थांबला). त्यामुळे भाववृत्ती निराशेत संपत नाही, अनिश्चिततेत थांबते.’

यात वृत्ताची व्याख्या नाही, यमकाची महतीही नाही. प्रत्येक आकड्यामागोमाग तो का सांगितला ते येते.

टिपणांत कोणत्या चुका सर्वांत जास्त दिसतात?

कवितेचा गोषवारा देऊन त्यालाच रसग्रहण म्हणणे, ही पहिली. ‘यमकामुळे कवितेला गेयता आली आहे’ हे वाक्य दुसरी, कारण ते कोणत्याही कवितेबद्दल लिहिता येते. एकाच ओळीवरून वृत्त ठरवणे ही तिसरी. किमान चार ओळी मोजाव्यात आणि त्यांत पहिली ओळ एकटी प्रमाण मानू नये. कवीच्या चरित्रातून भाव ठरवणे ही चौथी: कवितेत बोलणारा ‘मी’ आणि कवी एकच आहेत असे गृहीत धरू नका. आणि पुराव्याशिवाय ध्वनीला अर्थ चिकटवणे. ‘र’ आला की वारा वाहतो असे नसते. तो ध्वनी दाटीने, ठोक्यावर आणि अर्थाच्या सोबतीने आला तरच त्याविषयी बोला.

कवितेला चाल लागलेली असेल तर गाणे ऐकून वृत्त ओळखता येईल का?

अंदाज येईल, निर्णय नको. गाताना लघु अक्षर चार मात्रा ताणता येते, गुरू आखडता घेता येते, ध्रुवपद पुन्हा येते आणि ओळीतले शब्दही दोनदा म्हटले जातात. आठ मात्रांची ओळ केरव्यात (८ मात्रांचा ताल) सहज बसते, पण दादऱ्यात (६ मात्रांचा ताल) गायलेली कविता कागदावर सहाच्याच आवर्तनात असेल असे नाही. चाल कानात घट्ट बसली असेल तर ओळींचा क्रम उलटा करून, शेवटच्या ओळीपासून वर वाचत या. चाल सुटते आणि शब्दांची स्वतःची लय ऐकू येते. मग मात्रा मोजा.